सकाळी रडणारा जुना डिझेल ट्रक: पंपाचं टायमिंग कधी बघायचं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९९०च्या दशकातला टाटाचा ट्रक, ६९७ इंजिन, माइको कंपनीचा इनलाइन पंप (प्रत्येक सिलेंडरसाठी दट्ट्या आणि नळकांड्याची एक जोडी, म्हणजे एलिमेंट, ओळीने बसवलेला डिझेल पंप). रात्रभर उभा राहिला की सकाळी २०-२५ सेकंद सेल्फ मारावा लागतो. पांढरा धूर येतो, मग दोन-तीन सिलेंडरवर लटपटत सुरू होतो. एकदा तापला की दिवसभर एका हिसक्यात सुरू. पंप काढून कॅलिब्रेट करून आणला, फरक पडला नाही. मग फिटरने पंप थोडा फिरवून ‘टायमिंग पुढे घेतलं’, तर आता इंजिन टकटक करतंय आणि सकाळचा त्रास तसाच आहे. टायमिंगच, म्हणजे पंप डिझेल ढकलायला सुरुवात करतो तो क्षण, चुकलंय का?

आता चुकलेलं असणार, पण मूळ रोग तो नव्हता. टायमिंग रात्रीतून बदलत नाही. काल संध्याकाळी हाफ सेल्फला सुरू झालेली गाडी आज सकाळी रडते, तर रात्रीत काय बदललं ते शोधायचं. बदलतात तीनच गोष्टी: पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं, बॅटरी आणि ऑइल गार होऊन इंजिन सावकाश फिरतं, आणि सिलेंडर गार पडतं. या तिन्ही तपासल्याशिवाय पंपाच्या बोल्टला पाना लावू नये. आपल्याकडच्या थंडीला दोष देण्यातही अर्थ नाही. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, त्याला हीटर प्लग लागत नाही. नाशिककडच्या डिसेंबरातही निरोगी ६९७ दोन-तीन सेकंदांत पेटलं पाहिजे. थंडी दोष निर्माण करत नाही, असलेला दोष उघडा पाडते.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. उद्या सकाळी सेल्फ मारताना एका माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा आणि पहिले दहा सेकंद फक्त धूर बघायला सांगा. आधी काहीच नाही आणि सात-आठ सेकंदांनी धूर यायला लागला, तर डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकापर्यंत, उशिरा पोचतंय. लाइन रिकामी झाली होती. पहिल्या सेकंदापासून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग इंजिन सावकाश फिरतंय, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा दाब) कमी आहे, नोझल मुततंय किंवा टायमिंग चुकलंय. शेवटपर्यंत धूरच नसेल तर आधी इंजिन बंद करणारी स्टॉप केबल बघा. केबल गंजून स्टॉप लिव्हर अर्ध्यावर अडकणं ही हास्यास्पद वाटणारी, पण नेहमीची भानगड आहे. केबल सोडून लिव्हर हाताने पूर्ण ‘रन’कडे ढकला आणि स्प्रिंगने तो आपोआप तिथे येतो का पाहा.

लाइन रिकामी होते का, ते हॅन्ड प्रायमर सांगतो, म्हणजे फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या लहान पंपावरचा) हातपंप. सकाळी, सेल्फ मारण्याआधी, प्रायमरची मुठ फिरवून मोकळी करा आणि पंप करा. तीन-चार दाबांत मुठ घट्ट झाली तर लाइन भरलेली होती. तीस-चाळीस दाब लागले तर डिझेल रात्रीत मागे गेलंय. यात फसवणारी गोष्ट अशी की टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची आहे. तिथलं छिद्र डिझेल बाहेर गाळत नाही, हवा आत घेतं. म्हणून ‘कुठेच लीक नाही’ हे वाक्य या बाजूला बिनकामाचं आहे. खात्रीची परीक्षा एकच: पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपाच्या वर टांगा, त्याची नळी थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा, एअर काढून गाडी चालू करा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी झटकन सुरू झाली तर दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यात आहे: टाकीतली तडकलेली सक्शन नळी, कडक झालेला रबरी होज, बँजोचे (पाइपाच्या टोकाच्या कडीतून जाणाऱ्या पोकळ बोल्टाच्या जोडाचे) दबून सपाट झालेले तांब्याचे वॉशर. वॉशर नवेच टाका, किंवा जुने लाल होईपर्यंत तापवून, गार करून मऊ केलेले. नुसते पलटून टाकू नका.

कॅन लावूनही मुठीला तीस दाब लागत असतील, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा प्रायमरची सील गेली. मुठ वापरल्यावर पूर्ण आवळून बसवली नाही तरी तिथूनच हवा जाते. पंप शॉपमधून आलेल्या गाड्यांत आणखी एक चूक वारंवार दिसते. पंपाच्या परतीच्या तोंडाशी जो ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, तो बाहेरून साध्या बँजो बोल्टसारखाच दिसतो. दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडले की अदलाबदल होते. साधा बोल्ट परतीला लागला तर गॅलरीत (एलिमेंटांभोवतीच्या डिझेलच्या पोकळीत) जो साधारण १ ते १.५ बारचा दाब टिकायला हवा तो टिकत नाही, डिझेल सरळ टाकीत जातं आणि एलिमेंट अर्धवट भरतात. बोल्ट काढून आतून फुंका: ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग आणि गोळी असते, तोंडाने फुंकून तो उघडत नाही.

एअर काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनकडे. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाच्या गॅलरीचा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दोन-तीन नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. डिझेलने उसळी मारली की आवळा. उसळणाऱ्या डिझेलसमोर हात धरू नका. या दाबाची धार कातडीत शिरते, आणि त्यावर डॉक्टरकडेच जावं लागतं.

बॅटरीचं प्रकरण लवकर आटपतं. स्टॉप लिव्हर ओढून धरा, पुलीवर खडूची खूण करा, मोबाइलवर स्लो व्हिडिओ लावून दहा सेकंद सेल्फ मारा आणि नंतर खुणा मोजा. पंचवीस फेऱ्या आल्या तर १५० आरपीएम, उत्तम. सोळा-सतराच्या खाली, म्हणजे १०० आरपीएमच्या आत असाल, तर गार इंजिन पेटणं अवघडच, कारण दाबलेली हवा सावकाश फिरताना भिंतींना उष्णता देऊन टाकते आणि रिंगांतून निसटते. सेल्फ मारताना सेल्फच्याच बोल्टवर व्होल्टेज बघा: १२ व्होल्टच्या गाडीला ९.५ आणि २४ व्होल्टच्या गाडीला १९ च्या खाली जाता कामा नये. बॅटरीवर आकडा चांगला आणि सेल्फवर पडलेला असेल, तर केबल किंवा अर्थिंग. इंजिन ते चासिस ही अर्थची पट्टी रंगाच्या थरावर बसवलेली असते नाही तर हिरवी पडलेली असते. जंपर केबलने ब्लॉक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून बघितलं की लगेच कळतं.

तुमची गाडी गरम असताना नीट सुरू होते, म्हणून पंपाचे एलिमेंट झिजले असं मी म्हणणार नाही. झिजलेल्या एलिमेंटची गाडी उलटी वागते: सकाळी बरी, पण दुपारी हॉटेलवर जेवून आलं की सुरू होत नाही. तापलेलं डिझेल पातळ होऊन एलिमेंटच्या झिजेतून निसटतं, सेल्फच्या वेगाला दाबच तयार होत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओलं पोतं ठेवून दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. पंपावर थेट गार पाणी ओतायचं नाही, एलिमेंट आवळून जाम होतात. केरोसिनच्या भेसळीचं डिझेलही असंच वागवतं.

आता टायमिंग. आधी फिटरने काय केलं ते समजून घ्या. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपाचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. फ्लँजचे (पंप इंजिनला जोडणाऱ्या कडेचे) बोल्ट मध्यापासून ६० मि.मी.वर असतील, तर तिथे १ मि.मी. सरकवणं म्हणजे क्रँकचे जवळपास २ अंश. ‘नखाएवढं’ म्हणून ३ मि.मी. फिरवलं की ६ अंश गेले. टकटक त्याचीच आहे. आणि टायमिंग पुढे घेतल्यावर सकाळची स्टार्टिंग का सुधारली नाही? कारण सेल्फच्या वेगाला हवा सगळ्यात जास्त तापते ती पिस्टन टॉपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या जागेच्या, अगदी जवळ आल्यावर. त्याच्या फार आधी डिझेल फवारलं तर ते अजून न तापलेल्या हवेत आणि गार पिस्टनवर पडतं. उशीर झालेल्या टायमिंगने पांढरा धूर येतो, तसाच फार लवकरच्या टायमिंगनेही येतो. दोघांतला फरक असा की लवकरच्या टायमिंगमध्ये सेल्फला उलटा झटका बसतो आणि सुरू झाल्यावर कोरडी, धातूची टकटक ऐकू येते. उशिराच्या टायमिंगमध्ये आवाज मऊ असतो, पण ओढ मेलेली, चढाला काळा धूर, आणि सायलेन्सर व पाणी दोन्ही जास्त तापतात. कानाने टायमिंग लावणारा फिटर टकटक कमी-जास्त करू शकतो, अंश मोजू शकत नाही.

मोजण्याची पद्धत म्हणजे स्पिल टायमिंग. पंपाच्या एक नंबर एलिमेंटने डिझेल ढकलायला सुरुवात केली तो क्षण पकडायचा आणि त्या वेळी क्रँक टॉपच्या किती अंश आधी आहे ते वाचायचं. किती असायला हवं, तो आकडा इंजिनच्या पाटीवर किंवा कंपनीच्या पुस्तकात असतो. शेजारच्या गाडीचा आकडा चालत नाही: ६९२, ६९७ आणि त्याचं टर्बोवालं भावंड यांचे आकडे वेगळे असू शकतात. (पहिला आकडा सिलेंडर किती, पुढचे दोन बोअर किती मिलिमीटर. म्हणजे ६९७ हे सहा सिलेंडर, ९७ मि.मी.)

आधी खूण खरी आहे का ते तपासा. पुलीला रबरचा डॅम्पर असेल तर जुन्या गाडीत रबर सुटून बाहेरची कडी सरकलेली असू शकते. मग टॉपची खूण खोटी आणि त्यावरचं सगळं मोजमाप वाया. टॅपेट कव्हर काढा, इंजिन त्याच्या दिशेने फिरवा. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आहे, म्हणून सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह ‘झुलताना’ दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपवर. एक नंबरचे दोन्ही रॉकर तेव्हा सैल लागले पाहिजेत. हे चुकवून एक्झॉस्टच्या टॉपवर पंप बसवला तर पूर्ण एक फेरी चुकते, गाडी सुरूच होत नाही.

अचूक टॉपसाठी एक नंबरच्या एका व्हॉल्व्हचा रॉकर आणि स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकू द्या. दांड्याला रबरी रिंग अडकवा, म्हणजे तो आत पडणार नाही, आणि या अवस्थेत इंजिन टॉपपासून लांब फिरवू नका. दांड्यावर डायल गेज लावा. इंजिन पुढेच फिरवत, काटा सर्वोच्च वाचनापेक्षा १ मि.मी. खाली असताना चढताना एक आणि उतरताना एक अशा दोन खुणा पुलीवर करा. दोहोंचा मध्य म्हणजे खरा टॉप. तिथून अंश मोजायला कोनमापक लागत नाही: पुलीचा व्यास २०० मि.मी. असेल तर परीघ ६२८, त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला १.७४ मि.मी. पाटीवर समजा २० अंश लिहिलंय, तर कागदी पट्टीने परिघावर ३५ मि.मी. मोजून खूण करा. नंतर स्प्रिंग आणि रॉकर बसवून टॅपेटचा गाळा (रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर) लावा.

आता पंप. ब्रश आणि डिझेलने बाहेरून धुवा, बॅटरीची अर्थ सुटी करा. एक नंबरचा पाइप काढा. ड्राइव्हच्या बाजूचं एलिमेंट एक नंबर. एलिमेंटच्या डोक्यावरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर उघडून आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह काढा, स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा. व्हॉल्व्हची सीट जागेवरच राहू द्या. होल्डर परत बसवा, त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी. कॅन पंपाच्या वर टांगा आणि नळीचं तोंड त्या डिझेलच्या पातळीखाली ठेवा.

इथे अनेक चांगल्या फिटरांची गडबड होते. गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) मेकॅनिकल असेल तर थांबलेल्या इंजिनवर रॅक (एलिमेंट फिरवून डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) फुल-लोडच्याही पुढे, जास्तीच्या डिझेलच्या जागी जाऊन बसतो. काही एलिमेंटांना त्या जागी मुद्दाम वेगळी खाच असते, जी स्टार्टिंगला टायमिंग मागे खेचतो. रॅक तिथेच ठेवून मोजलं तर वाचन काही अंश उशिराचं येतं, आणि ते ‘दुरुस्त’ करताना टायमिंग पुढे पळतं. म्हणून रॅक फुल-लोडच्या जागी परत आणून, तारेने बांधून मगच मोजा.

इंजिन टॉपच्या ४०-५० अंश आधी न्या. नळीतून डिझेलची सलग धार वाहत असेल. पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन फक्त पुढे, अगदी हळू फिरवा. नोझल काढून ठेवले तर हात हलका राहतो. धार बारीक होते, तुटते, मग थेंब. थेंबांमधलं अंतर वाढत दहा-एक सेकंदांवर गेलं की थांबा आणि पुलीवर वाचा. पुढे गेलात तर तेवढंच मागे आणून वाचू नका, गिअरमधली ढिलाई वाचनात येते. पाव फेरी मागे जाऊन परत पुढे या. तीन वेळा करा. तिन्ही वाचनं एका अंशाच्या आत येत नसतील तर पंपापेक्षा ड्राइव्ह संशयित आहे: कपलिंगचे बोल्ट, की, किंवा आपोआप टायमिंग पुढे नेणारा टायमर सैल झालेला असतो.

वाचन चुकलं असेल तर सगळ्या प्रेशर पाइपांचे नट ढिले करून मगच पंप हलवा, नाही तर पाइप ताण धरतात आणि महिन्याभरात तडकतात. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवली की टायमिंग पुढे, त्याच दिशेने फिरवली की मागे. कपलिंगवाल्या पंपात बॉडी हलत नाही, कपलिंगच्या लांबट भोकांत फरक घालायचा. फ्लँजच्या भोकांची हद्द संपली तरी आकडा येत नसेल तर गिअर एक दात चुकलाय. पंपाच्या गिअरला ६० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १२ अंश. ते पंप फिरवून भरून काढायचा प्रयत्न सोडा आणि टायमिंग कव्हर उघडा. एकच नंबर तपासला म्हणून काळजी नको: बाकीच्या पाच एलिमेंटांचं ६०-६० अंशांचं अंतर कॅलिब्रेशनच्या बेंचवर लावलेलं असतं.

डिलिव्हरी व्हॉल्व्ह परत बसवताना होल्डर टॉर्क पान्यानेच आवळा. ताकदीने आवळला तर बॅरल वाकतं आणि रॅक जड होतो. बसवल्यावर रॅक बोटाने सरकतोय का बघा.

टायमिंग पाटीच्या आकड्यावर आलं, टकटक गेली, लाइन भरलेली राहते, इंजिन १५० ने फिरतंय, आणि तरीही पहिल्या सेकंदापासून पांढरा धूर, तर नोझल आणि कॉम्प्रेशन उरलं. नोझल टेस्टरवर लावा. नोझल उघडण्याच्या ठरलेल्या दाबापेक्षा २० बार कमी दाबावर दहा सेकंद धरल्यावर टोकाला थेंब लोंबता कामा नये. सीटमध्ये जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहून त्यावर दुसरा बसलाय का, तेही टॉर्च मारून बघा. दोन वॉशरवर बसलेलं नोझल वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या खळग्याऐवजी कडेला आदळतो आणि तेवढाच सिलेंडर सकाळी पेटत नाही. कोणता ते ओळखायला सुरू झाल्याबरोबर एक्झॉस्टच्या सहा तोंडांवर पाण्याचे शिंतोडे मारा. जे तोंड चर्र करत नाही तो सिलेंडर.

कॉम्प्रेशन मोजण्याआधी टॅपेटचा गाळा तपासा. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि रिंगांवर नाहक आळ येतो. सहाही नोझल काढून, पूर्ण चार्ज बॅटरीवर मोजा. साधारण २२ बारच्या पुढे असेल तर समाधानकारक, १८ च्या खाली असेल तर सकाळी त्रास देणारच, आणि दोन सिलेंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये दोनच चमचे ऑइल, जास्त नाही, सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंग-लायनर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तोपर्यंत एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायचा प्रकार बंद ठेवा. पेट्रोलची वाफ पिस्टन वर येत असतानाच पेटते आणि आधीच थकलेल्या रिंगा मोडतात.

शेवटी टायमिंग लागल्यावर फ्लँज आणि इंजिनच्या बॉडीवर छिन्नीने एक सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी कोणी पंप ‘थोडा’ फिरवला, तर किती फिरवला ते दिसेल.